सांडलेलं पाणी कुठं जाईल?

आमचं घर शहापुरातलं, बेळगावच्या जुन्या वस्तीतलं. स्वयंपाकघर बारा बाय दहा. खाली शहाबादी फरशी, एका कोपऱ्यात मोरी आणि सगळ्या खोलीचा हलका उतार त्या मोरीकडं. मी लग्न होऊन आले तेव्हा कडप्प्याचा ओटा झालेला होता. त्याआधी आत्ती चुलीपुढं बसून स्वयंपाक करायच्या. माझ्या डोक्यात मात्र कित्येक वर्षं ट्रॉल्यांचं स्वयंपाकघर होतं. भिशीचे पैसे त्यासाठीच बाजूला ठेवत होते. दोन वर्षांमागं वैशाखात ते जमले.

त्याच वर्षी आमच्या मंदिरात मुनिमहाराजांचा चातुर्मास ठरला होता. आषाढ चतुर्दशीला चातुर्मास बसायच्या आत स्वयंपाकघर तयार व्हावं आणि आपल्या घरी चौका लागावा, एवढीच आत्तींची इच्छा. मला म्हणाल्या, "ट्रॉल्या कर नाहीतर सोन्याचं कपाट कर. माझा एक चौका होऊ दे."

अडचण आली ती तारखांची. ट्रॉलीवाला आठ दिवसांत यायला तयार होता. फरशीवाला मात्र तीन आठवडे मोकळा नव्हता. ह्यांनी तोडगा काढला, "आधी ट्रॉल्या बसवून घेऊ. फरशी मागाहून तेवढ्या मोकळ्या जागेत घालू. ओट्याखाली कोण बघतंय?"

ट्रॉलीवाल्यानंही मान डोलावली. प्लायवूडचे खोके चार इंचाच्या प्लॅस्टिकच्या पायांवर उभे राहतात, पुढं पट्टी बसते, खालचं काही दिसत नाही. शिवाय नवी फरशी आधी घातली आणि वरून हातोडी पडली, तर फुटायची ती फरशीच.

मलाही पटलं. कागदावर हिशेब मांडला. एल आकाराचा ओटा, वीस फूट लांब, दोन फूट रुंद. म्हणजे एकशेवीसातले चाळीस चौरस फूट फरशी वाचणार. सिमेंट-मजुरी धरून साडेचार हजार. तेवढ्यात वर एक चांगली चिमणी येईल, असंही मनात येऊन गेलं.

मी टेप धरून खाली वाकले होते. आत्ती मोरीपाशी पाणी गाळत होत्या. गाळणं उलटं करून जिवाणी त्यांनी हलक्या हातानं बादलीत सोडली. ती परत विहिरीत जायची. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "काय मोजूलालीस गं?"

मी सगळं सांगितलं. जुन्या शहाबादीवरच नवी फरशी बसणार, दीड इंच जमीन वर येणार, ओट्याखाली मात्र जुनीच राहणार.

"म्हणजे ओट्याखाली खड्डा की."

"दिसणार नाही तो, आत्ती."

"दिसू दे, न दिसू दे. सिंकमधलं सांडलेलं पाणी कुठं जाईल?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पाणी पट्टीखालून आत जाणार. नव्या फरशीची दीड इंचाची कड आडवी येणार, म्हणून मोरीपर्यंत पोचणार नाही. तिथंच साठणार. ओलीला झुरळं येतील, मुंग्या येतील, प्लाय फुगेल. आणि मग मी काय करणार? औषध फवारणार. ज्या घरात गाळण्यातले जीवसुद्धा जपून विहिरीत सोडतात, त्याच घरात मी जीव वाढायला जागा करून देणार आणि मग मारणार.

त्यानंतर एकेक गोष्ट दिसायला लागली. सिलिंडर ओट्याखाली ठेवायचा. दर वेळी तो खड्ड्यातून उचलून बाहेर काढावा लागणार. भरलेल्या सिलिंडरमध्ये नुसता गॅसच 14.2 किलो, वर लोखंडाचं वजन वेगळं. ओटा चौतीस इंच उंच ठरवलेला. आज जुन्या जमिनीवरून मोजून बसवला, तर फरशी झाल्यावर तो साडेबत्तीसच उरणार. मी उंच, कंबर माझीच जाणार. आणि एकदा वर ग्रॅनाइट बसून भिंतीला चिकटला, की खोके बाहेर ओढून खाली फरशी घालणं जमणारच नाही. सगळं फोडावं लागणार.

"पण मग चौका?" मी विचारलं.

आत्ती थोडा वेळ गप्प राहिल्या. "चौका शेजारी लागंल. खालचं पाणी दर दिवशी साठंल."

हे रागावले. ट्रॉलीवाला तर दुसऱ्या कामावर निघूनच गेला. फरशीवाला ज्येष्ठात आला. भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी घातली. आत्ती घसरू नयेत म्हणून खरखरीत, बिनचमकीची घेतली. उतार जुन्यासारखाच मोरीकडं ठेवला. दाराची खालची कड तासून घ्यावी लागली. हातोडीची भीती होती, त्यावर पुठ्ठे आणि गोणपाट अंथरले. साडेचार हजारांची चिमणी राहिली ती राहिलीच.

ट्रॉल्या बसल्या श्रावणात. तोवर आम्ही मागच्या खोलीत दोन बर्नरच्या शेगडीवर रांधत होतो आणि तिथं चौका लावण्याजोगी जागा नव्हती. आत्ती पहाटे धुतलेलं लुगडं नेसून शेजारच्या चौक्यात जायच्या. पडगाहनाच्या वेळी रांगेत मागं उभ्या राहायच्या, महाराजांच्या ओंजळीत दोन घास द्यायला मिळाले की परत यायच्या. मला एका शब्दानंही बोलल्या नाहीत. ते बोलण्यापेक्षा जड होतं.

पुढं माघात एक संघ विहार करत आला आणि दोन दिवस मंदिरात थांबला. दुसऱ्या दिवशी आमच्या घरी आहार झाला. आत्तींचे हात कापत होते, पण मुगाचं पाणी त्यांनीच दिलं.

सगळे गेल्यावर आम्ही दोघींनी जमीन धुतली. मी ओट्याखालची पट्टी खाचेतून काढली. आत पाणी गेलं होतं, पण थांबलं नव्हतं. उतारानं सरळ मोरीला निघालं होतं. घटकाभरानं आत हात घालून बघितलं. कोरडं होतं.

टेप माझ्या हातात होती, हिशेब माझा होता, पैसे माझे होते. चाळीस वर्षं ती जमीन पुसली होती आत्तींनी. आणि त्यांना आपण होऊन मी काहीच विचारलं नव्हतं. आता माझी सून दिवाणखान्याची मापं घेत असते. मी बाजूला बसून वाट बघते, ती विचारते का. नाही विचारलं, तर आत्तींसारखाच एक प्रश्न तेवढा विचारीन.