भाड्याची खोली

पावसाआधी गळती काढायला गवंडी आला होता. ओल्या गिलाव्यावरून थापी फिरवता फिरवता म्हणाला, ‘ठाण्याच्या जेलमधून सुटलो, पण खोली मिळत नाही. कन्नमवार नगर सोडा, पार्कसाइटच्या डोंगरावरही नाही.’ डिपॉझिटचे पैसे आहेत. पण पोलीस पडताळणीचा विषय निघाला की घरमालक गप्प होतो. सध्या तो साइटवरच सिमेंटच्या गोण्यांशेजारी झोपतो.

तो गेला, तरी त्या गोण्या डोळ्यांसमोरून हलेनात. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर आठवलं. औंध संस्थानाने १९३९ मध्ये वसवलेली खुली वसाहत. तिथे कैदी शिक्षा भोगतानाच बायकामुलांसह राहतात, शेती करतात. ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्यावरूनच सुचला. आणि इथे शिक्षा संपलेल्या माणसाला दार नाही! टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून अशा माणसांसाठी झटतो आहे. पण चावी शेवटी तुमच्याआमच्याकडेच.

सोसायटीतले लोक काय म्हणतील, हे माझ्याही मनात येतं. त्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. तरी विनंती आहे : तुमची खोली रिकामी असेल, तर नकार देण्याआधी त्या माणसाशी एकदा बोला.