फाइल हजर, लायब्ररी गैरहजर

लिनक्सवर जुना खेळ चालवायला गेलात की एक गमतीदार उत्तर मिळतं. फाइल फोल्डरमध्ये डोळ्यांसमोर दिसत असते आणि टर्मिनल म्हणतं, अशी फाइल नाही. आमच्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन 11 आहे. शनिवारी पाऊस, कॉलेज रोडच्या हवामान केंद्राचा इशारा, शाळेला सुट्टी. नुंगंबाक्कमच्या भाड्याच्या घरात आमचा सातवीतला पोरगा याच उत्तराकडे बघत बसला होता. "पप्पा, हे खोटं बोलतंय!"

खेळ रणगाड्यांचा. देवळालीच्या दोस्ताने निघताना पेनड्राइव्हवर दिलेला. रविवारी चार वाजता दोघं नेटवरून खेळणार होते. फौजीच्या पोरांचं असंच असतं: ही त्याची चौथी शाळा, तमिळ 'वांगा, पोंगा'च्या पुढे सरकलेली नाही, आणि दोस्त म्हणावा असा एकच, तोही नाशिककडे. सोमवारी मी तीन महिन्यांच्या कोर्सला जाणार होतो. म्हणून दुरुस्ती मी करायची नाही, त्याच्याकडून करून घ्यायची, असं ठरवलं.

त्याला म्हटलं, लायब्ररी म्हणजे आपला लंगर. प्रत्येक जवान स्वतःची चूल घेऊन फिरत नाही, सगळे एकाच लंगरमध्ये जेवतात. तसंच चित्र काढणं, आवाज देणं, कीबोर्ड वाचणं ही कामं प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः करत नाही. ती सामाईक लायब्ररीत असतात. खेळ उभा राहताना त्या हाक मारून बोलावतो. एक जरी आली नाही तरी खेळ सुरूच होत नाही.

आधी 'फाइल' ही कमांड चालवली. खेळ 32 बिटचा निघाला, आपली सिस्टिम 64 बिटची. खेळाला मेमरीत चढवणारा 32 बिटचा लोडरच मशीनवर नव्हता. 'अशी फाइल नाही' हे त्याच्याबद्दल होतं, खेळाबद्दल नव्हे. डीपीकेजीला आय386 ही दुसरी जात जोडायला सांगितलं, अ‍ॅप्टची यादी ताजी केली, 32 बिटची लिबसी घेतली. खेळ तरी चालला नाही, पण उत्तर बदललं. शोधाशोधीत उत्तर बदलणं हीच प्रगती.

मग 'एलडीडी'. हा सरळ रोल कॉल आहे: कोणती लायब्ररी हवी आणि ती कुठे सापडली, ओळीने. (अनोळखी ठिकाणच्या फाइलवर मात्र एलडीडी चालवू नका, त्यात फाइलमधला कोड चालू शकतो. तिथे ऑब्जडम्प बरा.) तीन नावांपुढे 'नॉट फाउंड'. एसडीएल 1.2 आणि ओपनएएल डेबियनच्याच भांडारातून आल्या, पण 32 बिटच्या मागून घ्याव्या लागल्या. नावाची तीच, पण 64 बिटची लायब्ररी या खेळाच्या उपयोगाची नाही.

तिसरी लिबपीएनजी 12. ती डेबियनने कधीच सोडली, आता 16 चालते. पोरगा म्हणाला, "16 चंच नाव बदलून 12 ठेवू?" बरेच लोक हे करतात. मला पटत नाही. तो आकडा सजावटीचा नसतो, आतली रचना बदलली की बदलतो. एकाचं ओळखपत्र दुसऱ्याच्या गळ्यात घालून गेटवरून आत सोडण्यासारखं आहे ते. कुठल्या तरी साइटवरून सुटी फाइल उतरवणं त्याहून वाईट. जुने खेळ अशा लायब्ररी पुष्कळदा स्वतःच्या फोल्डरमध्ये सोबत आणतात. दोस्ताला फोन लावायला सांगितला. खेळातलं 'लिब' नावाचं फोल्डर पेनड्राइव्हवर आलंच नव्हतं. ते रात्री नेटवरून आलं, एलडी-लायब्ररी-पाथमध्ये त्याचा पत्ता दिला आणि एलडीडीच्या यादीत सगळे हजर झाले.

सामना कोण जिंकलं ते मला माहीत आहे, पण लिहायची परवानगी नाही.

कोर्सवर असताना कळलं की वरच्या मजल्यावरचा मुलगा आपल्या अक्काचा लॅपटॉप घेऊन आमच्याकडे येतो. तमिळनाडू सरकारने 2011 पासून विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप वाटले, त्यातल्या अनेकांत विंडोजसोबत बॉस लिनक्स होती. ही चेन्नईच्या सी-डॅकची आणि डेबियनवरच उभी. अक्काचा लॅपटॉप त्यातलाच. फोनवर मागून आवाज येत होता, "इल्ला, इल्ला, 32 बिट!" आमच्या पोराचा.