भरती, युनिट एक

मनुष्यबळ व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम ठरल्या क्रमाने चालतो: नियोजन, भरती, प्रशिक्षण, वेतन, औद्योगिक संबंध. संध्याकाळच्या बॅचमधली, चाकणच्या एका कारखान्यात एचआरला असलेली मुलगी म्हणाली, "सर, भरती युनिट एकमध्ये, गळती युनिट चारमध्ये. आमच्याकडे दोन्ही एकाच सकाळी दारात उभ्या असतात." तेव्हापासून मी आराखडा उसवून बसलोय.

कशाचा कशावर परिणाम होतो हे दाखवणारी बाण-वर्तुळं काढायला काय लागतं! माझं चित्र भिंतभर आहे, आणि पाहुण्याला मी मुद्दाम त्याच्या समोरची खुर्ची देतो. घोडं अडतं ते कारण आणि परिणाम यांतल्या विलंबापाशी. बाणावर दोन आडव्या रेघा मारल्या की विलंब दाखवून होतो, पण मुलांना तो जाणवत नाही.

म्हणून जे फॉरेस्टरकडे वळलो. १९५०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत कधी तीन-चार पाळ्या चालत, तर काही वर्षांत निम्मी माणसं घरी. खापर तेजी-मंदीवर फुटायचं. एमआयटीतल्या या इंजिनिअरने वहीच्या पानावर साठा, कामगार, ऑर्डरी असे रकाने पाडले आणि पेन्सिलीने हिशेब मांडला. ऑर्डरी स्थिर धरल्या तरी भरतीच्या नियमांपायीच कामगारसंख्या हेलकावत होती. सिस्टिम डायनॅमिक्सचा, म्हणजे अशा परस्पर-परिणामांच्या अभ्यासाचा, उगम असा आमच्याच अंगणातला. मी वर्षानुवर्षं शिकवलेल्या पुस्तकांत मात्र त्याचा पत्ता नव्हता.

आता वर्गात मीही कोरं पान देतो; त्यावर तक्ता, महिन्याला एक ओळ. काम ५० माणसांचं. १० सोडून गेली, १० नवी घेतली. नवा माणूस निम्मं काम करतो, वर त्याला शिकवण्यात एका जुन्याचा पाव दिवस जातो. म्हणजे ४० अधिक ५ उणे अडीच: साडेबेचाळीस. तूट दिसताच वर्ग आणखी ८ घेतो. तीन महिन्यांनी सगळे हाताशी आले की पटावर ५८, आणि मग कपातीच्या याद्या. हुशार मुलं जास्त घाई करतात.

शेजारची कॉलेजं 'पीपल अ‍ॅनालिटिक्स'चं युनिट चिकटवून मोकळी झाली. चिकटवायला हरकत नसते. क्रम हलवायला असते, कारण प्रश्नपत्रिकेत दर युनिटला एक प्रश्न ठरलेला. अभ्यास मंडळाला मी अपेक्षित निष्पत्ती लिहून दिली: 'विद्यार्थी थांबू शकेल.' मोजता येत नाही म्हणून ती खोडली गेली. आता 'भरतीचा आकडा बदलण्यापूर्वी तक्त्यातल्या तीन ओळी थांबू शकेल' असं लिहून पुन्हा पाठवलंय.