भिडेखातर

मी कुणाला दुखवत नाही, याचा मला बरीच वर्षं अभिमान होता. दहिसर पश्चिमेला, नदीच्या बाजूला आमची जुनी सोसायटी. सेक्रेटरीपदावर मला बिनविरोध बसवतात ते याच गुणामुळे, असं मी धरून चाललो होतो. अगदी दुसऱ्या टोकाचे एक गृहस्थ आमच्याकडे आहेत, त्यांना सगळे काका म्हणतात. वार्षिक सभेत एकेका व्हाउचरवरून त्यांचा आवाज चढतो. भांडखोर आहेत म्हणजे आपमतलबीही असणार, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

खरं तर २६ जुलै २००५ नंतर तरी मला कळायला हवं होतं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. तुळशी तलावाकडून येणारी दहिसर नदी काठ सोडून वस्त्यांत शिरली, तेव्हा काका तळमजल्यावरची दारं बडवत, शिव्या देत लोकांना वर पिटाळत होते. कपाट आवरत बसलेल्या एका कुटुंबाला त्यांनी अक्षरशः ओढून जिन्यावर आणलं. माझ्या लक्षात राहिल्या त्या शिव्या.

मोठी चूक नंतरची. बाहेरगावी राहणाऱ्या एका सभासदाने आपला फ्लॅट एका नर्सला भाड्याने द्यायचं ठरवलं. एकटी मुलगी, रात्रपाळी, आणि मुसलमान. तिसरी गोष्ट कमिटीत कुणी उच्चारली नाही. पहिल्या दोनांवर काम भागलं. ‘अपरात्री ये-जा होणार, बरं दिसत नाही.’ आदर्श उपविधींप्रमाणे भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही. आगाऊ कळवायचं आणि कागदपत्रांच्या प्रती द्यायच्या, एवढंच. हे मला पाठ होतं. तरीही मी सभासदाला पत्र लिहिलं, ‘पुढील बैठकीत निर्णय घेण्यात येईल’, आणि बैठक लांबवली. नकार दिला नाही. मुलीला थांबता येण्यासारखं नव्हतं, तिने दुसरीकडे घर घेतलं. सर्वसाधारण सभेत काका उठले: ‘सेक्रेटरी, परवानगी लागते असं कुठे लिहिलंय ते वाचून दाखवा.’ मी वाचलं नाही.

मानसशास्त्रात स्वभावाचे पाच मोठे घटक मानतात. त्यांतला एक म्हणजे जुळवून घेण्याची वृत्ती. ती माझ्यात भरपूर आहे, आणि तिलाच मी चांगुलपणा समजत आलो. शलोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये दहा मूल्यांची मांडणी केली. पुढे ती वर्तुळाच्या रूपाने ओळखली गेली. त्यात चारचौघांच्या मर्जीने वागणं एका बाजूला येतं आणि स्वतःच्या बुद्धीने ठरवणं त्याच्या समोर. एकाला जवळ केलं की दुसरं दुरावतं. मला कुणी विचारलं असतं तर समता हे माझं मूल्य, असं मी मनापासून सांगितलं असतं. पण प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा मी कमिटीतल्या माणसांची नाराजी तोलत बसलो आणि त्या मुलीचं घर गेलं. काकांचा स्वभाव कडू आहे, तो बदललेला नाही. व्हाउचर असो की ती मुलगी, ते भांडतात ते नियम सगळ्यांना सारखा असावा म्हणून.

त्या सभासदाची मी माफी मागितली. मुलीचा नंबर माझ्याकडे नव्हता, आणि मी तो मागितलाही नाही, हे इथे लिहायलाच हवं. आता भाडेकरूचे कागद आले की त्याच दिवशी नोंदवतो, कमिटीला फक्त कळवतो. त्यावरून दोघांनी माझ्याशी बोलणं टाकलं. त्याचा त्रास होतो.

सध्या पुनर्विकासाच्या सभा चालू आहेत. २०१९ पासून ५१ टक्के संमती पुरते, तरी एकट्या राहणाऱ्या एका आजींवर सहीसाठी भर सभेत दबाव आणला गेला. मी मान खाली घालून इतिवृत्त लिहीत राहिलो. हरकत दुसऱ्या दिवशी लेखी दिली. ती पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत आहे आणि मलाच वाचायची आहे.