चिमट्यातलं बिऱ्हाड

छोट्या गाडीचं पुढचं चाक उतरवलं की आत एक बिऱ्हाड दिसतं. मधे चकचकीत तोंडाची डिस्क, तिच्या दोन अंगांना दोन पॅड आणि तिघांना कवेत धरून बसलेला कॅलिपर नावाचा चिमटा. तुमची ओळख नसेल तर त्यांना त्याचं काही वाटत नाही. ब्रेक चांगला असेपर्यंत त्याची चौकशी कोण करतो?

डिस्क नटवी. जन्मानं बिडाची, इथं जिल्हा नव्हे, धातू सांगतोय. केजला रात्री सर येऊन गेली आणि गाडी अंगणात भिजली की सकाळी बाईंच्या तोंडावर तांबूस गंज. गॅरेजपर्यंत धावू नका, चार वेळा ब्रेक दाबा. पॅड घासूनपुसून तिचा आरसा करून देतात. स्वतः झिजतात, काळी भुकटी होऊन चाकाच्या कपावर बसतात. ती भुकटी पुसताना मालक रस्त्याच्या धुळीला शिव्या घालतो.

पॅड दोघं भाऊ, पण एकत्र कुटुंबातले. चिमटा ज्या पिनांवर सरकतो त्यांतलं ग्रीस सुकलं की बाहेरचा भाऊ अंग काढून घेतो आणि आतला एकटा राबतो. वरून पाहणाऱ्याला बाहेरचाच दिसतो, चांगला जाडजूड. आतल्याची पाठीची पत्री उघडी पडलेली असते.

बोलायची पद्धतही घराण्यातली. 1902 मध्ये इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा पॅडला तांब्याचं अस्तर होतं आणि ते असं किंचाळे की रस्त्यावरच्यांनी कानांवर हात ठेवावेत. पुढे 1953 मध्ये ल मांच्या शर्यतीत याच जातीचे ब्रेक लावलेली जॅग्वार पहिली आली आणि घराण्याला प्रतिष्ठा मिळाली. आता आवाज सहसा येत नाही. पण बऱ्याच पॅडांना लोखंडाची एक छोटी पत्ती असते. नवा असताना दहाएक मिलिमीटर जाड असलेला मसाला दोन-तीनवर आला की ती डिस्कला टेकते आणि चीं चीं करू लागते. म्हणजे हे गृहस्थ आयुष्यभर गप्प बसतात आणि तोंड उघडतात ते निरोप सांगायलाच.

तो निरोप ऐकायचा सोडून एका गुरुजींनी आपल्या अल्टोतला रेडिओ मोठा केला.

गुरुजींचा दुसरा गुण म्हणजे काटकसर. केज बालाघाटाच्या माथ्यावर. बीडकडे निघालात तर मांजरसुंब्याचा घाट, माजलगावकडे निघालात तर धारूरचा; उतरल्याशिवाय सुटका नाही. गुरुजी उतार आला की गाडी न्यूट्रल करत. पेट्रोल वाचतं असं त्यांना वाटे, आणि इंजिननं जे ओझं अडवायचं ते सगळं या बिऱ्हाडावर पडे. गाडीचा वेग दुप्पट झाला तर ती थांबवताना चौपट उष्णता सोसावी लागते. शिवाय ब्रेक दाबला की गाडी नाकावर झुकते, म्हणून पुढच्यांच्या वाट्याला जास्त. मागच्या चाकांतले ड्रमवाले लायनर तेव्हा सावलीत बसल्यासारखे. फार तापले की पॅड रुसतात: पाय तेवढाच दाबावा, गाडी मात्र पुढेच. त्यात हंगामाचे दिवस, आणि वळणावर मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली. गुरुजी थांबले, पण उसाचं पाचट बॉनेटवर आल्यावर.

गॅरेजातल्या पोरानं चाक काढायच्या आधीच सांगितलं, “मालक, पॅड कवाचे बोलायलेत. आता डिस्कनं बोलायला सुरुवात केलीय.” आतल्या भावाचा मसाला संपून लोखंडावर लोखंड घासत होतं. बाईंच्या चेहऱ्यावर ताटलीभर गोल गोल चरे, आणि कडेला परातीसारखा काठ. गुरुजींनी लेथवर घासून घ्यायचं सुचवलं. पोरानं डिस्कवरच कोरलेला किमान जाडीचा आकडा दाखवला. बाई त्याच्याही खाली गेल्या होत्या. वयाचा दाखला अंगावर घेऊन फिरणारी नटवी आणखी कुठं पाहिलीत?

एका बाजूचीच बदलू का, हा गुरुजींचा शेवटचा प्रयत्न. ते चालत नाही. एक चाक नव्या जोमानं धरणार, दुसरं सैल, आणि गाडी ब्रेक मारताच एका अंगाला ओढणार. दोन डिस्क, चार पॅड, सगळं जोडीनं.

नव्या मंडळींचा मानपान निराळा. डिस्कला गंज चढू नये म्हणून तेल लावलेलं असतं. ते पुसून काढलं नाही तर पॅड पहिल्या दिवशीच तेल पितात आणि कामातून जातात. चिमटा रबरी नळीवर लोंबकळत ठेवलेला खपत नाही, तारेनं बांधून ठेवावा लागतो. चिमट्यातला पिस्टन मागे ढकलला की वरच्या डबीत ब्रेक ऑईल चढतं. सांडलं तर गाडीचा रंग खातं. आणि सगळं जुळवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल पाच-सहा वेळा दाबायचं, कारण पहिला पाय थेट तळाला जातो. पोरानं हे बजावलं. गुरुजी पैसे मोजत होते, त्यामुळे ऐकू आलं नाही. गॅरेजसमोरच्या कडुलिंबाच्या सालीवर आता अल्टोच्या नंबरप्लेटचा ठसा आहे.

पहिले काही दिवस या जोडप्यांना अचानक जोरात ब्रेक नको. हळूहळू सूर जुळू द्यायचा. गुरुजी तेवढं पाळतात. घाटात आता दुसरा गियर असतो आणि रेडिओ बंद. नेकनूरच्या पुढे ते काच खाली करतात, ब्रेक दाबतात आणि कान देऊन बसतात. काहीच ऐकू येत नाही, म्हणून पुन्हा एकदा दाबून बघतात.