काडेपेटी

सिगारेट सोडल्याची घोषणा मी आजवर सात वेळा केली. प्रत्येक वेळी ती चारचौघांत, मोठ्या आवाजात केली. मोडली मात्र हळूच, जिन्याखाली उभे राहून.

आम्ही द्रोणागिरीत राहतो. गॅलरीतून तो डोंगर दिसतो. मारुतिराय संजीवनीसाठी पर्वत घेऊन निघाले, तेव्हा त्याचा एक तुकडा इथे उरणजवळ पडला, असे इकडची माणसे सांगतात. त्यांना नेमकी वनस्पती ओळखता येईना, म्हणून त्यांनी अख्खा पर्वतच उचलला. माझेही तसेच चालले होते. 'आता जन्मात ओढणार नाही' हा डोंगर सकाळी उचलायचा आणि दुपारच्या चहाबरोबर खाली टाकायचा. फरक एवढाच, की मी मारुती नव्हतो.

गेल्या दिवाळीत सातव्या घोषणेला तीन आठवडे झाले होते. पणत्या मांडून सौ. म्हणाली, "अहो, काडी हवी होती. लायटरनं वात कशी पेटणार?" माझा हात आपसूक खिशात गेला आणि काडेपेटी तिच्या तळहातावर ठेवून मोकळा झाला. मग दोघांच्याही ध्यानात आले. ती काही बोलली नाही. एकेक पणती लावीत गेली. रागावली असती तर मी वाद घातला असता. त्या मुकेपणापुढे मला तोंड उरले नाही.

भाऊबीज होताच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी उपदेश केला नाही, हिशेब सांगितला. झुरक्यातले निकोटीन १०-२० सेकंदांत मेंदूत पोचते. रक्तातले निम्मे सुमारे २ तासांत ओसरते, आणि मेंदू पुन्हा हात पसरतो. चिडचीड, उडालेली झोप यांचा जोर पहिल्या आठवड्यात फार. महिन्याभरात तो बराच उतरतो. "पण एकेक तलफ काही मिनिटांचीच असते," ते म्हणाले. "तेवढी जाऊ द्या. जन्माचं नंतर बघू." बरोबर चघळायच्या निकोटीनच्या गोळ्या लिहून दिल्या.

संजीवनी ती हीच! तलफ आली की गोळी तोंडात टाकून गॅलरीत उभा राहू लागलो. पहिल्या आठवड्यात डोंगराची घळ न् घळ पाठ झाली. घरात सगळ्यांवर खेकसलो. सौ.ने तेही सोसले.

आता अकरा महिने होत आले. गोळ्या केव्हाच सुटल्या. आठवी घोषणा मी केलेलीच नाही. अजूनही स्टेशनबाहेर कुणी चहाबरोबर शिलगावली, की पाय रेंगाळतात. अशा वेळी मी जन्माचा विचार करीत नाही; घड्याळ बघतो.

दिवाळी आली. सौ. पणत्या मांडील, हात पुढे करील. मी दोन्ही खिसे उलटे करून दाखवीन, आणि काडेपेटी मागायला शेजाऱ्यांचे दार ठोठावीन. ऐन सणाला उसनवारी करताना इतका खूश दिसणारा माणूस त्यांनी कधी पाहिला नसेल.