मुख्यार्थबाध

जुन्या शहरातील आमचे वडिलोपार्जित घर पाडले गेले तेव्हा अंगणातल्या नळाची पितळी तोटी आणि हातभर लोखंडी पाइप मी मोडीत जाऊ दिला नाही. एका वायरमनने पाइपातून वायर ओवली, तोटीच्या तोंडाशी होल्डर बसवला, खाली सागवानी फळी दिली आणि बटण चावीलाच जोडले. चावी फिरवली की उजेड पडतो. बैठकीत येणारे या दिव्याचे कौतुक करतात.

आईला मात्र त्यात दिवा कधी दिसलाच नाही. पैठणच्या नाथसागराचे पाणी आमच्या भागात कैक दिवसांआड येई, तेही रात्री-अपरात्री. उघडी तोटी हा तिच्या लेखी अपराधच होता. निजण्यापूर्वी ती चावी घट्ट फिरवी आणि खाली हात धरून थेंब गळत नाही ना, ते पाही. मी वाचत बसलेला असलो तरी! 'अरे, वाया जातंय,' एवढेच म्हणे. अंधारात मी मनातल्या मनात चिडत असे.

लक्षणा शिकवताना हा दिवा हटकून आठवतो. 'काव्यप्रकाशा'त मम्मटाने लक्षणेसाठी केवळ मुख्यार्थाचा बाध पुरेसा मानलेला नाही. नव्या अर्थाचा मुख्यार्थाशी संबंधही उरावा लागतो. तोटीचे पाणी थांबले, हा बाध. संबंध राखला तो आईने; मी नव्हे.

मध्यंतरी एका विद्यार्थ्याने रस्त्याच्या खोदकामात सापडलेला खापरी नळाचा तुकडा आणला. १६१० मध्ये खडकी येथे नगर वसवणाऱ्या मलिक अंबरने पुढे जी नहर बांधली, तिच्यासारख्याच एखाद्या नहरीचा तो असावा. 'सर, याचाही दिवा होईल ना?' होईल, आणि देखणाही होईल. पण डोंगरपायथ्याचे पाणी निव्वळ उताराच्या बळावर शहरात आणणाऱ्या, पाणचक्कीत दळण दळून देणाऱ्या या नहरींच्या मुख्यार्थाला बाध आला, की आपण दुर्लक्षाने तो आणला? टँकरची वाट पाहणाऱ्या शहराने तरी हा प्रश्न टाळू नये. घरची तोटी माझी होती. हा तुकडा गावाचा. तो विद्यापीठाच्या इतिहास वस्तुसंग्रहालयात नेऊन दाखव, असे मी त्याला सांगितले. तो जरा हिरमुसला.

आई जाऊन आता तीन वर्षे झाली. निजण्यापूर्वी चावी मीच बंद करतो. हातही खाली धरतो.